आभाळाकडे जाणारी वीज

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातलं हे पहिलं आणि आशियातलं पाचवं असं उद्यान. बातम्यांत वाघ आणि तारे झळकले, पण या मान्यतेमागचं महत्त्वाचं काम जंगलाच्या कडेला वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतल्या खांबांवर झालं होतं. तिथले शंभरहून अधिक सार्वजनिक दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे दिवे बसवण्यात आले. गावं काही अंधारात गेली नाहीत. रस्ते उजळलेलेच राहिले, वर जाणारा उजेड तेवढा थांबला.

वर जाणारा उजेड पाहायचा तर पेंचला जावं लागत नाही. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर चढवलेला एलईडी फोकस बघावा. उजेड लांबपर्यंत पोचावा म्हणून बसवणारा त्याचं तोंड सरळ समोर ठेवतो. दिवा असा आडवा रोखला, की त्याचा जवळपास अर्धा प्रकाश क्षितिजाच्या वर निघून जातो. उरलेल्यातला बराचसा समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत शिरतो आणि पार्किंगच्या वाट्याला येतो तो शिल्लक. त्यातही क्षितिजाच्या किंचित वर, तिरका निघालेला प्रकाश सर्वांत त्रासदायक. सरळ वर गेलेला किरण हवेचा थर लवकर ओलांडतो. तिरका मात्र जमिनीलगतच्या दाट हवेतून, धुळीतून आणि बाष्पातून लांबवर जातो, वाटेत विखुरतो आणि कित्येक किलोमीटर दूरचं आभाळही फिकट करतो. शहराबाहेर पडल्यावरसुद्धा मागच्या क्षितिजावर जी पिवळट-पांढरी झाक दिसत राहते, ती हीच.

याचा हिशेब लाइट बिलाच्या भाषेत सोपा आहे. 50 वॅटचा फोकस रात्रभर, म्हणजे 12 तास चालला तर 0.6 युनिट वीज लागते. वर्षाला 219 युनिट. त्यातला निम्मा प्रकाश वर जात असेल, तर शंभराहून जास्त युनिट केवळ आभाळ उजळण्यात गेली. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय ही वीज रात्रीची. सौर पॅनेल तेव्हा झोपलेले असतात आणि भार मुख्यतः कोळशावर असतो. एकाच सोसायटीत असे चार-सहा फोकस सहज असतात.

घरातल्या दिव्यांपेक्षा या बाहेरच्या दिव्यांकडे आधी बघायला हवं, ते याचसाठी. खोलीतला 9 वॅटचा बल्ब माणूस झोपायला गेला की बंद होतो. बाहेरचा फोकस कुणाच्याच मीटरवर नसतो, तो 'कॉमन'मध्ये असतो, म्हणून तो बंद करायची आठवणही कुणाला होत नाही.

एलईडीमुळे हा प्रश्न सुटेल असं दहा वर्षांपूर्वी वाटत होतं. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लगेच 2015 च्या जानेवारीत भारतात 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्यातून 36 कोटींहून अधिक बल्ब घराघरांत पोचले. सरकारी खरेदीत 2014 साली 310 रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत चाळीसच्या आत आला. 60 वॅटच्या जुन्या बल्बचं काम 9 वॅटमध्ये होऊ लागलं. ही बचत खरी आहे, मोठी आहे, आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

पण उजेड स्वस्त झाला तसा तो वाढला. पूर्वी जिथे एक ट्यूब पुरत होती, तिथे पाच पट्ट्या आल्या. झाडांच्या बुंध्यांना माळा गुंडाळल्या गेल्या, उड्डाणपुलांचे खांब रंगीत झाले, दुकान बंद झाल्यावरही पाटी पहाटेपर्यंत जळू लागली. कोळशाची यंत्रं सुधारली की कोळसा कमी जळण्याऐवजी जास्तच जळतो, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच दाखवलं होतं. दिव्यांच्या बाबतीत तेच घडतं आहे.

त्यात रंगाची भर पडली. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा प्रकाश देणारी चिप असते. तिच्यावरच्या पिवळ्या थरामुळे तो प्रकाश पांढरा दिसतो. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या 6500 केल्विनच्या दिव्यांत हा निळा अंश भरपूर उरतो. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. दिवसा आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. जुन्या सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाशी तुलना केली, तर हवेचे रेणू एलईडीचा निळा प्रकाश जवळपास तिप्पट विखुरतात. 2015 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर पिवळे दिवे काढून पांढरे लावले गेले, तेव्हा बरीच ओरड झाली. ती मुख्यतः 'राणीच्या हारा'च्या सौंदर्यासाठी होती, पण आकाशाच्या दृष्टीनेही ती रास्तच होती.

गंमत म्हणजे रात्रीच्या पृथ्वीची छायाचित्रं घेणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाला हा निळा अंश दिसतच नाही. ते साधारण 500 ते 900 नॅनोमीटरमधला प्रकाश टिपतं, तर एलईडीच्या निळ्याचं शिखर 450 च्या आसपास. त्यामुळे खरी वाढ माणसांच्या डोळ्यांनी मोजावी लागली. 'ग्लोब अॅट नाइट' या उपक्रमात 2011 ते 2022 या काळात जगभरातल्या सामान्य लोकांनी आपल्याला किती अंधुक तारे दिसतात, याच्या 51,351 नोंदी पाठवल्या. ख्रिस्तोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी त्यांचं विश्लेषण 2023 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत आहे. जिथे मूल जन्मलं तेव्हा 250 तारे दिसत होते, तिथे ते 18 वर्षांचं होईपर्यंत जेमतेम 100 दिसतील, इतका हा वेग आहे.

ताऱ्यांचं नुकसान हौशी निरीक्षकांना आधी कळतं, पण ते त्यांच्यापुरतं नाही. वेळास, आंजर्ले किंवा गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर अंड्यातून बाहेर पडलेली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं क्षितिजावरच्या सर्वांत उजळ बाजूकडे धावतात. लाखो वर्षं ती बाजू समुद्राचीच होती. आता ती हॉटेलच्या दिव्यांची असू शकते. भंडारदरा, पुरुषवाडीकडे पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी लखलखणारी झाडं बघायला गर्दी लोटते. नर-मादी एकमेकांना ओळखतात ते त्याच लुकलुकीवर, आणि गाड्यांच्या हेडलाइटमध्ये ती बुडून जाते.

पिकांवरचा परिणाम तर विदर्भ-मराठवाड्याने लक्षात घ्यावा असा आहे. सोयाबीनला फुलोऱ्यावर येण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. खांबाखालच्या सोयाबीनला ती रात्र मिळत नाही. बाकीचं शेत पिवळं पडून काढणीला आलं, तरी दिव्याच्या घेरातली झाडं हिरवीगारच राहतात आणि शेंगा उशिरा धरतात. शेवंतीवाले शेतकरी नेमका हाच गुणधर्म वापरतात: रोपांवर रात्री बल्ब लावून कळ्या लांबवायच्या आणि बाजार बघून फुलं आणायची. तिथे उजेड ठरवून, मोजून दिलेला असतो. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

मग दोष कुणाचा, महापालिकेच्या खांबांचा? अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराने 2019 मध्ये काही रात्री मुद्दाम रस्त्यावरचे दिवे कमी-जास्त केले आणि उपग्रहाने ते मोजले. मध्यरात्रीनंतर अवकाशातून दिसणाऱ्या उजेडातला फक्त 13 टक्के वाटा रस्त्यांच्या दिव्यांचा निघाला. उरलेला सगळा पाट्या, फोकस, पार्किंग, मैदानं आणि घरं यांचा होता. टूसॉनमध्ये सार्वजनिक दिवे मध्यरात्रीनंतर मंद होतात, हे खरं. पण ते मंद झाले नसते, तरी वाटा 18 टक्केच भरला असता. आपल्या शहरांतलं प्रमाण वेगळं असू शकेल, तरी खासगी दिव्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. फ्रान्सने 2013 पासून दुकानांच्या शोकेसमधले दिवे रात्री एकनंतर बंद करायला लावले, ते याच विचाराने.

'दिवे कमी केले तर चोऱ्या वाढतील' ही भीती सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये निघते आणि ती फेटाळून लावण्यासारखी नाही. पण डोळ्यावर येणारा फोकस सुरक्षितता देत नाही. त्याच्यामुळे बाहुली आकसते आणि फोकसमागची सावली आणखी काळी होते. तिथे उभा असलेला माणूस वॉचमनला दिसत नाही. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना तर पायरीसुद्धा दिसेनाशी होते. तोच फोकस खाली वळवला, वर पत्र्याची टोपी बसवली, की निम्म्या वॅटमध्ये जमीन जास्त चांगली दिसते. जिथे येणं-जाणं तुरळक, तिथे माणूस आला की लागणारा सेन्सर पुरतो. दुकानात बल्ब घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचावा आणि बाहेरच्या जागेसाठी 2700 किंवा 3000 चा, म्हणजे निळा अंश कमी असलेला, मागावा.

गावात हाच विचार चौकातल्या हायमास्टपासून सुरू करता येईल. पथदिव्यांच्या थकीत बिलांवरून ग्रामपंचायती आणि महावितरण यांच्यात ओढाताण नेहमीचीच आहे. समजा, एका हायमास्टवर 200 वॅटचे सहा दिवे आहेत. 12 तासांत 14.4 युनिट जळतात. दिवे दोन सर्किटमध्ये विभागून टायमरने रात्री 11 ते पहाटे 6 तीनच चालू ठेवले, तर रोजची 4.2 युनिट वाचतात, वर्षाची दीड हजारांच्या वर. दिव्यांची तोंडं खाली करायला लागते ती एक शिडी, एक पाना आणि तासाभराचं काम. हायमास्ट उंच असेल तर दिव्यांची चौकट खाली उतरवण्याची सोय खांबातच असते.