जहाजाचं पोट तांबडं का?

बुलढाण्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या संत्राबागांत पावसाळ्याच्या तोंडावर बुंध्यांना आकाशी रंगाची बोर्डो पेस्ट लावतात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. त्यातलं तांबं डिंक्याच्या बुरशीला रोखतं. बुलढाण्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण जहाजाच्या पाण्याखालच्या भागाला जो विटकरी रंग दिसतो तोही तांब्याचाच. क्युप्रस ऑक्साइड मुळातच तांबडं असतं.

समुद्रात बुडालेल्या कुठल्याही वस्तूवर आधी बुळबुळीत थर साचतो, मग शेवाळ आणि बार्नॅकलसारखे कवचधारी जीव मुक्काम ठोकतात. तळ खरखरीत झाला की इंधन जास्त जळतं. लाकडी जहाजांच्या काळात तर टेरेडो हा शिंपल्यांच्या कुळातला जीव फळ्याच पोखरायचा. म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या सागवानी युद्धनौकांनाही ते लागत. त्यांतल्याच ‘कॉर्नवॉलिस’साठी इंग्लंडहून निघालेलं तांबं ‘जावा’ या जहाजावर होतं. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकी नौकेने ‘जावा’ला हरवलं आणि तो माल मुंबईला पोचलाच नाही. ‘त्रिंकोमाली’ या दुसऱ्या युद्धनौकेचे आराखडेही त्याच जहाजावर होते! तरी ‘त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे.

लोखंडी जहाजं आली आणि पत्रे बाद झाले. खाऱ्या पाण्यात तांब्याला टेकलेलं लोखंड झपाट्याने गंजतं. मग तांब्याचं ऑक्साइड रंगात मिसळलं आणि त्याखाली गंजरोधक थर दिला. हा रंग पाण्यात हळूहळू विरघळतो, त्यातून तांब्याचे आयन सुटतात आणि चिकटू पाहणाऱ्या अळ्या मरतात. झिजणं हेच त्याचं काम, म्हणून काही वर्षांनी जहाज सुक्या गोदीत घेऊन तो पुन्हा द्यावा लागतो. आता हा लेप निळा, काळाही मिळतो, पण विटकरीची परंपरा टिकून आहे.

मध्यंतरी ट्रायब्युटिल टिन हे तांब्याहून जहाल विष रंगात आलं. ज्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांनी बोर्डो मिश्रण दिलं, त्याच शहराजवळच्या आर्काशोन उपसागरात त्याने कालवांची कवचं वेडीवाकडी केली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर ते बंद केलं, जागतिक बंदी लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं. इतका उशीर अक्षम्य वाटतो. तांबंही निरुपद्रवी नाही, बंदरांच्या गाळात ते साचतं. त्यामुळे मला खरी आशा वाटते ती सिलिकॉनच्या गुळगुळीत लेपांची. त्यांत विष लागत नाही. जीवांची पकड ढिली राहते आणि जहाज वेगात निघालं की ते पाण्याच्या जोराने सुटून जातात.