न सांगता आलेला चार पायांचा पाहुणा

वाकड, मोशी, चाकणकडे फ्लॅट दिवसांच्या भाड्याने देता? मग 'दोन मोठे, एक मूल' असं बुकिंग आणि दारात लॅब्राडोर, हे कधीतरी होणारच. दारात भांडू नका. कुत्र्याला गाडीत ठेवा, असं तर अजिबात सांगू नका. उन्हात बंद गाडी जीवघेणी ठरते. अ‍ॅपवरच लेखी कळवा: प्राणी दिसला, नियम हा, शुल्क इतकं. रेबीजच्या लसीचं कार्डही मागा.

एअरबीएनबीवर पाळीव प्राण्याने केलेलं नुकसान एअरकव्हर या यजमानांसाठीच्या संरक्षणात येतं, पण पाहुणा गेल्यापासून 14 दिवसांच्या आत फोटो-बिलांसह मागणी करावी लागते. अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याला मात्र तिथे पाळीव प्राणी धरत नाहीत. त्याचं शुल्क लावू नका.

खरी गंमत साफसफाईत! दिवे बंद करून गादी-सोफ्यावर यूव्ही टॉर्च मारा, लघवीचे डाग चमकतात. त्यावर एन्झाइमवालं क्लीनर वापरा. अमोनियाचं नको, त्या वासाने पुढचा कुत्रा तिथेच पाय वर करेल. पिसवांचे कोश गालिच्यात कित्येक आठवडे तग धरतात, म्हणून व्हॅक्यूम पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि कचरा लगेच बाहेर टाकायचा.

माझं मत? सरसकट बंदीपेक्षा आधीच जाहीर केलेलं माफक शुल्क बरं. लोक लपवाछपवी कमी करतात.