पॅकेज सोडून फळ्याकडे?

तुमच्या टीममध्ये एक तरी बागलाणचा असेलच. गाव विचारलं की आधी 'नाशिक' म्हणतो, मग 'सटाण्याजवळ', आणि तिसऱ्या चहाला कबूल करतो, 'नामपूर'! मोसम नदीकाठ, कांद्याचं मार्केट, डाळिंबाच्या बागा. बाबांनी कांद्याच्या पट्टीतून कॉलेजची फी भरली आणि पोरगा आज हिंजवडीत कोड लिहितोय.

त्याला एकदा विचारून बघा, 'सी'मधला पॉइंटर तुला पहिल्यांदा कुणी समजावला? बऱ्याचदा उत्तर असं येतं, "होते एक सर. तासिकेवर होते. पुढे त्यांनाच कंपनीत जॉब लागला."

हसू नका, बॉस. कम्प्युटर सायन्सच्या प्राध्यापक भरतीची सगळी गोची या दोन वाक्यांत आहे. इतिहासाच्या विभागाला उमेदवार शोधताना आयटी पार्कशी स्पर्धा करावी लागत नाही. कम्प्युटरच्या विभागाला रोज करावी लागते. चांगला शिकवणारा म्हणजे बहुतेक वेळा चांगला कोड लिहिणाराही. मग त्याला वर्गात थांबवायचं कसं?

आधी माणूस, मग विभाग

मुंबईत हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीच पडला होता. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, 1954 साली आर. नरसिंहन नावाचा तरुण दाखल झाला. अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट करून आलेला. भाभांचा शिरस्ता साधा होता : आधी खुर्च्या मांडून माणसं शोधायची नाहीत. आधी दमदार माणूस गाठायचा, मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा.

नरसिंहन यांच्याभोवती जमलेल्या तरुण टीममधल्या बहुतेकांनी तेव्हा कम्प्युटर डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तरी 1960 मध्ये त्यांनी देशी बनावटीचा मोठा डिजिटल कम्प्युटर चालू करून दाखवला. 'टिफ्रॅक' हे त्याचं नाव 1962 मध्ये पंडित नेहरूंनी ठेवलं. मेमरी किती? 2,048 शब्द! आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटो त्यात मावणार नाही.

पुण्यातही तेच घडलं. 1981 मध्ये फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा आयआयटी कानपूरची प्राध्यापक मंडळी तिथे आली. 1988 मध्ये सी-डॅक स्थापन झालं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तरुण इंजिनिअर घेऊन कामाला लागले आणि 1991 मध्ये 'परम 8000' तयार! या सगळ्यांकडे माणसं थांबली, कारण करायला भन्नाट काम होतं. आणि उद्या नोकरी राहील का, ही धास्ती नव्हती.

गाडी अडते कुठे?

तालुक्याच्या कॉलेजात नेमकं हेच दुसरं हरवतं. अनुदानित कॉलेजला एक पद भरायचं तर आधी सरकारची 'ना हरकत', मग बिंदुनामावलीची तपासणी, मग जाहिरात, छाननी, विद्यापीठाने दिलेली निवड समिती, इंटरव्ह्यू आणि शेवटी मान्यता. यात कॅलेंडर बदलतं. तोवर वर्ग कोण सांभाळणार? तासिकेवरचे सर. जेवढे तास, तेवढे पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने नेमणूक. त्यात बीएस्सी कम्प्युटर सायन्सचे वर्ग बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित. म्हणजे पगार मुलांच्या फीमधून. पन्नाशीतही 'तात्पुरते' राहण्यापेक्षा माणूस कंपनीची कॅब पकडतो. त्याला दोष कसा देणार?

गंमत म्हणजे पक्की नोकरी वाटते तेवढी कंगाल नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. आयआयटीत त्याच नावाच्या पदावर, पीएचडी आणि तीन वर्षांचा अनुभव असेल, तर 1,01,500 रुपयांपासून. तुमच्या टीम लीडइतके नसतील, पण संध्याकाळी साडेसहानंतर कॉलही नसतात.

तुम्हाला जमेल का?

सिरियसली विचार करत असाल, तर हे ध्यानात ठेवा :

- कला-विज्ञान-वाणिज्य कॉलेजसाठी मास्टर्सला 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत) आणि सोबत नेट, सेट किंवा पीएचडी. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन पेपर, 300 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही.
- इंजिनिअरिंग कॉलेजचे निकष वेगळे. नुसत्या बीईवर भागत नाही.
- 'विद्यापीठात थेट भरतीला पीएचडी हवीच' ही अट यूजीसीने 2023 मध्ये काढली.
- नोकरी न सोडता पीएचडी? 2022 च्या यूजीसी नियमांत पार्ट-टाइमची सोय आहे. ऑफिसचं ना हरकत पत्र लागेल.
- पंधरा वर्षं इंडस्ट्रीत घासली असतील, तर 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'. यूजीसीने 2022 मध्ये हे दार उघडलं. पीएचडी लागत नाही, मात्र मुदत जास्तीत जास्त चार वर्षं.
- पूर्णवेळ संशोधन करायचंय? नेट-जेआरएफची फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 झाली. 2018 मध्ये पंतप्रधान संशोधन फेलोशिप आली, ती 70,000 पासून.

आता खरी गोष्ट. चार वर्षांच्या पाहुण्या प्रोफेसरने नामपूरचा प्रश्न सुटणार नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवाचा आर्किटेक्ट पुण्यातल्या कॅम्पसवर आनंदाने जाईल; मोसमच्या काठावर घर घेऊन राहील का? तिथे पक्की जागा, वेळेवर पगार आणि बरी लॅब एवढंच लागतं. भाभांच्या मापाने हे काही जगावेगळं मागणं नाही.

तोवर तुम्ही काय करू शकता? दिवाळीला गावी जाताच ना? आपल्या जुन्या कॉलेजला फोन लावा. दोन दिवस, एक वर्ग, एक विषय. एवढ्याने भरतीचा अनुशेष भरत नाही, हे खरंय. पण मागच्या बाकावर एखादी पोरगी बसलेली असते, जिला पॉइंटर अजून कळलेला नसतो. तिला तो या दिवाळीत कळेल.

आणि हो, जमलं तर सुट्टी संपायच्या आधी त्या तासिकेवरच्या सरांनाही एक फोन करा. तुमच्या पहिल्या पॅकेजमध्ये त्यांचाही वाटा आहे.