खोडदची दुर्बीण आणि मढचा शेतकरी

माघ-फाल्गुनाच्या सुमारास, म्हणजे इंग्रजी २८ फेब्रुवारीच्या आसपास, आमच्या जुन्नर तालुक्यांत एक निराळीच जत्रा भरते. तींत पालखी नाहीं, कुस्त्यांचा आखाडा नाहीं, बैलांचा बाजारही नाहीं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२८ सालीं याच तारखेस आपला शोध लावला. त्याचें स्मरण म्हणून १९८७ सालापासून हा दिवस देशभर विज्ञानदिन म्हणून पाळण्यांत येतो. त्या निमित्तानें खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या आवारांत प्रदर्शन मांडलें जातें. शाळा-कॉलेजांतील मुलें आपापले प्रयोग घेऊन येतात, जाणकार मंडळी समजावून सांगतात, आणि एरवीं पूर्वपरवानगीनेंच पाहावयास मिळणारी दुर्बीण लोकांस हिंडून पाहतां येते.

मढ गांव तालुक्याच्या वायव्य टोंकास, माळशेज घाटाच्या वाटेवर व पिंपळगांव जोगे धरणाच्या पाण्यालगत आहे. तेथून ओतूर व नारायणगांव या मार्गानें खोडद गांठतां येतें. प्रदर्शनास चलावें, असें आम्हीं तेथील मंडळींस सुचविलें, तेव्हां एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "बाबांनो, आभाळांतली चांदणी पाहून आमच्या भाताला एक लोंबी अधिक लागणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. त्याचें सरळ उत्तर 'नाहीं' असेंच आहे, आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं. तरीही जावें, असें आम्ही कां म्हणतों, तें येथें सांगतों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. दिवंगत शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून व परिश्रमांतून ती उभी राहिली आणि २००१ सालीं राष्ट्रास अर्पण झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें पुणें येथील केंद्र ती चालवितें. तींत एकंदर ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे सुमारें १५० फूट आहे. १४ तबकड्या मध्यभागीं एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीनें उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांस लांबवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. त्या सर्व एकाच दिशेस वळवून त्यांचें ऐकणें एकत्र केलें, म्हणजे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतकें बारीक पाहतां येतें.

पाहणाऱ्यास पहिलें आश्चर्य हें वाटतें कीं, या तबकड्या भरीव नाहींत. त्या तारेच्या जाळीच्या आहेत. जाळींतून पाणी गळतें, मग लहरी कशा गळत नाहींत? उत्तर चाळणीसारखेंच सोपें आहे. दाणा छिद्राहून मोठा असेल तर तो वर राहतो. आकाशांतील हायड्रोजन वायूकडून येणारी रेडिओ लहर सुमारें २१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत लांब असते. जाळीचीं भोंकें १० ते २० मिलिमीटरचीं. म्हणून लहर परतते, वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा रेटा कमी, म्हणून सांगाडा हलका, आणि म्हणूनच खर्चही थोडा. दूरच्या एका तारकासमूहांतून ८८० कोटी वर्षांपूर्वीं निघालेली हायड्रोजनची खूण याच जाळीवर टिपली गेल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां शेतकऱ्याचा यांत वांटा कोणता, तें ऐका. आकाशांतून येणारे हे संदेश इतके क्षीण असतात कीं, जवळचा एक मोबाईलही त्यांस बुडवून टाकतो. म्हणून यंत्राजवळ मोबाईल बंद ठेवावा लागतो. म्हणूनच या भागांत नवे कारखाने व यंत्रें आणतांना दुर्बिणीचा विचार करावा लागतो. पुणें-नाशिक लोहमार्गाची आखणी नारायणगांवाजवळून झाली होती; दुर्बिणीस बाध येतो म्हणून ती सोडून दुसरी करण्याचें रेल्वेखात्यानें २०२५ सालीं जाहीर केलें. टोमॅटो व कांदा पिकविणाऱ्यास लोहमार्ग दाराशीं हवासा वाटणें साहजिक आहे. म्हणजे जगास जें ज्ञान मिळतें, त्याची किंमत कांहीं अंशीं आमचा मुलूख शांत राहून भरतो. ज्यानें किंमत भरली, त्यास माल पाहण्याचा व भाव विचारण्याचा हक्क आहे.

हा हक्क बजावावयाचा तर केवळ बघ्यासारखें जाऊं नये. व्याख्यान ऐकून टाळ्या वाजविल्यानें ज्ञान पदरीं पडत नाहीं. सांगणाऱ्यास "हें तुम्हांस कसें कळलें?" असें विचारावें. एकदां मोजून भागत नाहीं, पुन्हां मोजावें लागतें. चुकीची खूण गाळून खरी राखावी लागते. हें तो सांगूं लागला म्हणजे आपल्यास ओळखीचें वाटेल. नवें बियाणें कोणी आणून दिलें, तर दोन वाफे शेजारीं ठेवून, खतपाणी सारखें देऊन, उतारा वजन करून पाहावा, ही त्याच रीतीची शेतांतील आवृत्ति होय. आमच्या मतें खोडदहून आणावयाचा प्रसाद हाच.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. विजेच्या खांबावरील सैल जोडांतून किंवा फुटक्या चिनीमातीच्या चिमणीवरून ठिणगी उडत असेल, तर तिचा खरखराट दुर्बिणीस ऐकूं जातो. पण तीच ठिणगी वीज वायां घालविते, गंजीस आग लावूं शकते. अशी जागा दिसतांच स्वतः हात न लावतां वीज कंपनीच्या कचेरींत कळवावें. यांत दुर्बिणीचें हित व आपलें हित एकच आहे.

सभासदांस आमची विनंति आहे कीं, गांवोगांवच्या मंडळींनीं मिळून गाडी करावी, सकाळीं लवकर निघावें, घरांतील स्त्रिया व मुलें यांस बरोबर न्यावें, आणि प्रत्येकानें दोन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. परत आल्यावर चावडीवर बसून, ज्यांस जातां आलें नाहीं त्यांस तें सांगावें. मढचे ते वृद्ध अखेर आमच्याबरोबर आले. तबकडीखालीं उभे राहून त्यांनीं जाळी बराच वेळ न्याहाळली, आणि समजावून सांगणाऱ्या मुलीस विचारलें, "पावसाळ्यांत ढग आले म्हणजे तुमचें काम बंद पडतें का?" ती म्हणाली, "नाहीं आजोबा, या लहरी ढगांतून येतात." "मग तुम्हीं आमच्याहून बरे," असें म्हणून ते हंसले. भाताला लोंबी अधिक लागली नसेल. पण त्या दिवशीं प्रश्न त्यांचा होता व उत्तर त्यांस मिळालें, हें आम्ही थोडें मानीत नाहीं.