अनोळखी उतारा, पंधरा गुण

राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजी (तृतीय भाषा) कृतिपत्रिकेत ८० पैकी १५ गुण पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला आहेत. १० गुण पाच कृतींना, ५ त्याच उताऱ्याच्या सारांशाला. इथे पाठांतर कामाला येत नाही.

गडचिरोलीत हा प्रश्न जड जातो, त्याला कारण आहे. भामरागडच्या अनेक मुलांच्या घरात माडिया, सिरोंचाकडे तेलुगू. मराठी आणि इंग्रजी शाळेतच भेटतात, मग हिंदी. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण गावात इंग्रजी कानावर पडते कुठे? म्हणून सरावाचे पहिले उतारे मुलांच्या जगातले हवेत: मोहफुलं, तेंदूपत्ता, जंगलातला वाघ. ‘शी टाइड द लीव्ह्ज विथ बार्क’ या वाक्यात ‘बार्क’ अडला, तरी तेंदूपत्त्याचे पुडके बांधलेली मुलगी ‘साल’ हा अर्थ स्वतःच काढते. हेच खरं आकलन.

सराव करताना आधी कृती वाचाव्यात, मग उतारा. उत्तराच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारावी. पाचवी कृती स्वतःच्या मताची असते. ती कोरी सोडू नये. साधी, छोटी वाक्यं चालतात.