फायबरच्या होडीला धातूचा सांधा

मालवणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला आता फायबरच्या होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात. फायबर गंजत नाही. गंजतो तो त्यात बसवलेला लोखंडी बोल्ट. खारी हवा धातूचे काय करते, हे या गावाला सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये राजकोट किल्ल्यावरचा पुतळा कोसळला, तेव्हा गंजलेल्या नट-बोल्टची चर्चा राज्यभर झाली होती.

बोल्टचे दुखणे गंजापुरते नाही. भोक पाडताना काचेचे धागे तुटतात, आणि फायबरची ताकद असते ती त्या धाग्यांतच. उघड्या कडेतून पाणीही मुरते. चिकटवायचे म्हटले, तर घासून स्वच्छ करा आणि सुकेपर्यंत थांबा.

यावर शोधलेला एक मार्ग म्हणजे घर्षणाची उष्णता. हात चोळले की गरम होतात, तेच तत्त्व. १९९१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटने फिरते अवजार दाबून ॲल्युमिनियम न वितळवता जोडले. पुढे हीच युक्ती धातू आणि प्लास्टिकच्या जोडीसाठी वापरली गेली. वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली धागे घातलेले नायलॉन. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉन साधारण २२० अंशांनाच. त्यामुळे पत्रा तापूनही घट्ट राहतो. नायलॉनचा पातळ थर मात्र वितळून पत्र्याच्या खरबरीत पृष्ठभागात शिरतो आणि निवताच अडकून बसतो. जर्मनीतील गीस्टाख्टच्या संशोधन केंद्राने आणखी एक पद्धत काढली. गरगर फिरणारा रिव्हेट थेट प्लास्टिकमध्ये घुसवतात. मऊ झालेले त्याचे टोक आत पसरते आणि नांगरासारखे रुतते. सारे काही सेकंदांत.

मग होडीला हा सांधा का नाही? अडचण रेझिनची आहे. नायलॉन मेणासारखे, पुन्हा पुन्हा वितळणारे. होडीचे पॉलिएस्टर रेझिन उकडलेल्या अंड्यासारखे: एकदा घट्ट झाले की पातळ होणे नाही, जास्त तापवले तर करपते. म्हणून या पद्धतीवरचे बहुतेक काम विमाने आणि मोटारींच्या भागांसाठी चालते. तिथेही एक पेच आहेच. कार्बनचे धागे वीज वाहून नेतात. ॲल्युमिनियमला ते टेकले आणि खारे पाणी मिळाले, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते. काचेच्या धाग्यांना हा दोष नाही.

वितळणाऱ्या प्लास्टिकच्या होड्या येईपर्यंत बोल्टला पर्याय थोडेच. तो साध्या लोखंडाऐवजी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, आणि बसवण्याआधी भोकाची आतली कड रेझिनने बंद करावी.