गाडी पुढून वाजते? आधी विचारा, ‘केव्हा?’

गेल्या पावसाळ्यानंतर अब्बांच्या मोटारसायकलच्या पुढच्या बाजूने ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. कुंभार्ली घाट उतरताना वळणाआधी ब्रेक दाबला की हमखास. मागे बसलेली अम्मी विचारायची, “अहो, हे काय वाजतंय?” अब्बांचे उत्तर ठरलेले, “जुनी गाडी आहे, वाजायचीच.”

महिन्याभराने ते एका गॅरेजात गेले. कुणी काही विचारले नाही. गाडी दोनदा दाबून पाहिली आणि सांगितले, “पुढचे शॉकअप गेलेत.” ऑइल सील बदलले, नवे ऑइल भरले, घरच्या महिन्याच्या किराण्याइतके पैसे गेले. आवाज मात्र जिथल्या तिथे. अब्बा गाडी विकायला निघाले होते.

शेवटी पाटणच्या रस्त्यावर छोटी टपरी असलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी विचारले, “चाचा, आवाज केव्हा येतो? ब्रेक मारल्यावर की खड्ड्यात?” अब्बा म्हणाले, “ब्रेक मारल्यावर, एकदाच.” मिस्त्रींनी गाडी डबल स्टँडवर घेतली, मला मागची सीट दाबून धरायला लावली. पुढचे चाक जमिनीवरून उचलले गेले. त्यांनी शॉकअपचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवले. तोच ‘टक्’! हँडलचा कोनसेट सैल झाला होता.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. आवाज ‘कशाचा’ हे विचारण्याआधी तो ‘केव्हा’ येतो हे सांगता आले, तर निम्मे काम तिथेच होते. ब्रेक दाबताच गाडीचे आणि बसलेल्यांचे वजन पुढच्या चाकावर येते. गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेकच करतो आणि वळण्याचे सगळे काम हँडल करते. मागे बसलेला माणूस आपल्या भरवशावर बसलेला असतो. म्हणून पुढून येणारा आवाज ‘वाजायचाच’ म्हणून सोडून देऊ नये.

आधी निर्दोष आवाज वगळा

गाडी उभी करून, इंजिन बंद करून पुढच्या भागावर हाताने हलकेच थापा मारा. नंबर प्लेट, व्हायझर, मडगार्डचे बोल्ट, लेगगार्ड किंवा किल्लीला लटकवलेली साखळी यांपैकी काही खडखडते का पाहा. अनेकदा एक बोल्ट आवळला की आवाज जातो. टायरच्या नक्षीत अडकलेला खडासुद्धा प्रत्येक फेऱ्याला ‘टिक टिक’ करतो. खड्याच्या जागी खिळा असेल तर तो तिथे उपटू नका. गाडी हळू चालवत पंक्चरवाल्याकडे न्या.

ब्रेक दाबताना एकदाच ‘टक्’

हे बहुधा कोनसेटचे लक्षण. हँडल ज्या गोळ्यांवर आणि वाट्यांवर फिरते त्याला काही ठिकाणी बॉल रेसर म्हणतात. त्यात ढिलाई आली की ब्रेक दाबताच किंवा खड्ड्यात चाकाला हिसका बसतो. मिस्त्रींनी केली तीच तपासणी घरीही करता येते. जागा सपाट हवी, इंजिन बंद आणि मागे दाबून धरणारा एक माणूस हवा. डबल स्टँड नसेल तर हा प्रयोग गॅरेजातच करावा.

चाक उचललेले असतानाच हँडल डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर वाट्यांना खड्डे पडलेले आहेत. मग नट आवळून भागत नाही. वाट्या, कोन आणि गोळ्या असा पूर्ण संच बदलावा लागतो. अब्बांच्या गाडीचेही तेच झाले. मिस्त्री म्हणाले, “आता आवळून देतो, पण महिन्याभरात सेट टाकून घ्या.” नट प्रमाणाबाहेर आवळू नये, हेही त्यांनी बजावले. तसे केले तर हँडल जड होते आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटू लागते.

डिस्क ब्रेकच्या गाडीत पॅड आपल्या जागेत किंचित सरकले तरी ‘टक्’ होते. म्हणून केवळ ब्रेक धरून गाडी पुढे-मागे ढकलण्यावर निर्णय घेऊ नका. चाक उचलून खात्री करा.

खड्ड्यात ‘ठक्’, हँडलला धक्का

इथे शॉकअपकडे पाहा. चकचकीत नळीवरून बोट फिरवा. बोटाला तेल लागले तर सील गळते आहे. ऑइल कमी झाले की शॉकअप शेवटपर्यंत दबून आपटतो. हेच तेल ओघळून डिस्कवर गेले तर ब्रेक लागत नाही, म्हणून गळती दिसताच काम करून घ्या. ऑइल कोणत्या प्रतीचे आणि किती हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. दोन्ही बाजूंना ते सारखेच भरायला हवे. ऑइल बरोबर असूनही शॉकअप खडखडत असेल तर आतले बुश झिजल्याचा संशय घ्यावा.

वेगाबरोबर वाढणारी घरघर

ब्रेक न दाबताही ‘घूं’ असा आवाज येतो आणि वेग वाढला की तोही वाढतो? मग चाकाचे बेअरिंग तपासा. उचललेले चाक वर-खाली धरून आडवे हलवा. हबपाशी ढिलाई जाणवता कामा नये. नंतर चाक हाताने फिरवून दुसरा हात शॉकअपवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर हाताला बारीक खरखर जाणवते. बेअरिंग दोन्ही बाजूंची एकदमच बदलावीत आणि मधली नळी परत बसवली आहे ना, हे विचारावे. ती राहिली तर ॲक्सल आवळताच नवी बेअरिंगही जाम होतात. गाडी धुताना हबवर जोराचा फवारा मारू नये. पाणी आत शिरून ग्रीस धुतले जाते.

चीं चीं आणि खर्रर्र

ब्रेक दाबताना येणारी ‘चीं’ बहुधा धूळ किंवा गुळगुळीत झालेल्या पॅडची असते. ‘खर्रर्र’ मात्र लोखंडावर लोखंड घासल्याची खूण आहे. पॅड किंवा ब्रेक शू संपलेले आहेत. गाडी तिथेच थांबवावी. आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर किंवा ड्रममध्ये तेल कधीही टाकू नका. आवाज बंद होईल, आणि ब्रेकही. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

२०१९ पासून विकल्या गेलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत जोडब्रेक असतो. पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे “मी पुढचा ब्रेक दाबलाच नाही, तरी पुढे आवाज येतो” असे कुणी म्हणाले तर त्यात नवल नाही.

गॅरेजात जाण्यापूर्वी

कागदावर चार गोष्टी लिहा: आवाज केव्हा येतो, एकदाच येतो की सतत, वेगाबरोबर वाढतो का, हँडलमध्ये काही जाणवते का. हा कागद मिस्त्रींना द्या आणि कोणता भाग का बदलायचा ते विचारा. काढलेला जुना भाग मागून घ्या. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही. उलट, त्याचा अर्धा तास वाचतो.

ब्रेक, ॲक्सल किंवा कोनसेटचे काम घरी शिकायचा प्रयोग करू नये. तपासणे आपले, उघडणे जाणकाराचे. काम झाल्यावर निघण्याआधी ब्रेकचा लिव्हर चार-पाच वेळा दाबून पाहा, विशेषतः पॅड बदलले असतील तर. पहिल्या दाबात तो बऱ्याचदा रिकामा जातो. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर एकट्याने हळू फेरी मारा. त्यानंतरच घरच्यांना मागे बसवा.

आणि मागे बसलेल्या माणसाचे ऐका. आमच्या घरात तो आवाज सगळ्यांत आधी अम्मीने ऐकला होता. अब्बांनी महिनाभर आधी तिचे ऐकले असते तर सीलचे पैसे वाचले असते. अल्हमदुलिल्लाह, फक्त पैशांवर निभावले.